टोकियोत भाड्याचं घर: आधी दोन वर्षांचा हिशेब मांडा

घरभाडं परवडतंय एवढंच बघून सही करू नका. महिना १ लाख येनचं घर धरा. शिकिकिन, म्हणजे आपलं डिपॉझिट, एक महिन्याचं. रेइकिन आणखी एक महिन्याचं. ही मालकाला द्यायची भेट, परत मिळत नाही. दलाली करासह १ लाख १० हजार, पहिल्या महिन्याचं भाडं, हमी कंपनीचे (भाडं थकलं तर मालकाला भरून देणारी कंपनी) साधारण ५० हजार, आगीचा विमा आणि कुलूपबदल मिळून ४० हजारांच्या आसपास. किल्ली हातात पडेपर्यंत ५ लाख गेलेले असतात. दोन वर्षांनी करार वाढवताना कोशिनऱ्यो म्हणून बहुधा पुन्हा एका महिन्याचं भाडं.

‘शिकिकिन शून्य, रेइकिन शून्य’ वाचून हुरळू नका. अशा करारात बऱ्याचदा वर्षाच्या आत घर सोडल्यास एक-दोन महिन्यांच्या भाड्याचा दंड असतो. आयटीवाल्यांचा प्रोजेक्ट कधी हलेल याचा नेम नाही, तेव्हा ते कलम आधी शोधा.

कुटुंब घेऊन येणाऱ्यांनी पहिली चौकशी यूआरकडे, म्हणजे भाड्याने घरं देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, करावी. रेइकिन, दलाली, हमीदार, कोशिनऱ्यो यांपैकी काही नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं. उत्पन्नाची अट मात्र आहे: भाडं ८२,५०० येनच्या खाली असेल तर महिन्याची कमाई भाड्याच्या चौपट, त्यावर २ लाखांच्या आत असेल तर ३ लाख ३० हजार. निशी-कासाईत आपली इतकी माणसं राहतात त्यात या यूआरच्या इमारतींचा मोठा वाटा आहे. पण सगळ्यांनी तिथेच गर्दी करायचं कारण नाही. निशी-कासाईच्याच मेट्रोमार्गावर, तोझाई लाइनवर, पुढे ग्योतोकुही बघा. एकटे असाल आणि मुक्काम वर्षाच्या आतला असेल, तर शेअर हाउस पुरे.

इमारतीला बांधकाम परवानगी जून १९८१ नंतरची हवी. भूकंपाचे नियम तेव्हा कडक झाले.

घर रिकामं मिळतं: बहुतेकदा दिवे, पडदे, शेगडीसुद्धा नाही. शेगडी घेण्याआधी गॅस शहरी पाइपचा की प्रोपेनचा ते विचारा. एकाची शेगडी दुसऱ्याला चालत नाही. गॅस सुरू करायला माणूस येतो, तेव्हा घरी थांबावं लागतं.

आता फोडणी. घर सोडताना आपल्या लोकांचे पैसे इथेच कापले जातात. नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी नाही, हे २०२०पासून कायद्यातच लिहिलंय, आणि भिंतीच्या वॉलपेपरची किंमत सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ६ वर्षांत जवळपास शून्यावर येते. पण एक्झॉस्टच्या जाळीवर साचलेला हळद-तेलाचा चिकट थर साफ न केल्याचा दोष तुमचाच धरतात. शंभर येनच्या दुकानातून जाळीवर लावायचा कागद आणा, महिन्याला बदला. शेगडीमागे ॲल्युमिनियमचा पडदा उभा करा. मोहरी तडतडण्याआधी पंखा लावा आणि जेवण झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू ठेवा.

पहिल्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, भिंती, फरशी, एक्झॉस्ट आणि सिंकखालचं कपाट यांचे फोटो काढा. त्याच दिवशी एजंटला ईमेल करा, म्हणजे तारीख नोंदली जाते. पत्त्याची नोंद वॉर्ड ऑफिसात १४ दिवसांच्या आत करायची असते. रेसिडेन्स कार्ड बरोबर न्या.