कुंद्याची शिरोरेषा तुटली तेव्हा

बेळगावच्या एका मिठाईवाल्या काकांची साइट केली. मराठी, कन्नड, इंग्रजी. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन, ‘अरे, कुंद्याचा चुरा झालाय की रे!’ बघतो तर मथळ्यातल्या ‘कुंदा’ची (बेळगावची प्रसिद्ध मिठाई) शिरोरेषा, म्हणजे अक्षरांवरची आडवी रेघ, मधोमध तुटलेली. अर्धा दिवस फॉन्ट बदलत बसलो, उगाच. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पान तपासायची साधनं) कॉम्प्युटेड टॅब उघडला, जिथे प्रत्यक्ष लागू झालेली स्टाइल दिसते, आणि चोर सापडला: इंग्रजीच्या हौसेपायी दिलेलं २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर. मराठी पानांवर ते शून्य केलं. चौकटीबाहेरचा भाग लपवणाऱ्या ओव्हरफ्लो हिडनमुळे रफार आणि वेलांट्या कापल्या जात होत्या, म्हणून लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ केली. पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारं लँग ‘एमआर’ दिल्यावर नोटो फॉन्टमधले ‘ल’, ‘श’ही आपल्या वळणाचे आले. कन्नडला सलग शिरोरेषाच नाही, त्यामुळे तिकडून तक्रार आली नव्हती!