पुराणातलं पात्र खेळात उतरवताना या चुका टाळा

रोलप्लेइंग गेमचा, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र होऊन मिळून कथा रंगवायच्या खेळाचा, नवा कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक लांब कथा) सुरू होतो, टेबलाभोवती पाच-सहा जण जमतात, आणि "कॅरेक्टर कोण घेणार?" असं विचारलं की पहिलं नाव येतं कर्णाचं. मग कुणीतरी अश्वत्थामा मागतं, कुणी परशुराम. यात वावगं काहीच नाही. ही माणसं मोठीच आहेत. पण तिसऱ्या सेशनपर्यंत कर्णाचं दान देऊन होतं, अश्वत्थाम्याची जखम सगळ्यांना दाखवून होते, आणि पुढं काय करायचं हे दोघांनाही सुचत नाही. खेळ चालवताना हे मी वारंवार पाहते. पात्र कमी पडलेलं नसतं, त्याची तयारी कमी पडलेली असते. आपल्या मराठवाड्यात तर या तयारीसाठी लांब जायचीही गरज नाही. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा, वेरूळ सगळं एसटीच्या टप्प्यात आहे.

शस्त्रांपासून सुरुवात करू नका

कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, हातात आलं की आधी ब्रह्मास्त्र, कवचकुंडलं, अक्षय भाता असं लिहून काढायची घाई होते. पहिल्या लेव्हलला गेममास्टर, म्हणजे कथा आणि नियम सांभाळून खेळ चालवणारा, यातलं काहीच देणार नाही, आणि दिलं तर बाकीच्यांना खेळायला काही उरणार नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. शस्त्रं काढून घेतल्यावर त्या पात्रात काय शिल्लक राहतं? तिथून सुरुवात करायला हवी.

कर्णाचंच बघा. परशुरामाकडं तो ब्राह्मण म्हणून शिकला. गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असताना किड्यानं मांडी पोखरली, तरी झोपमोड नको म्हणून तो हलला नाही, आणि त्या सोसण्यावरूनच हा ब्राह्मण नव्हे हे उघडं पडलं. शाप मिळाला तो असा की ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. आता हे खेळात आणा. तुमच्या पात्राकडं एकच मोठी विद्या आहे, खोटं बोलून मिळवलेली. जीव पणाला लागलेला असताना वीस पैलूंच्या फाशावर ठरलेल्या आकड्याखाली पडलं की ती विद्या आठवत नाही. हा नियम गेममास्टरशी आधी बोलून घ्या. मग कर्ण हे नावही लागत नाही. मुलगी असो, लोहार असो, जहाजावरचा खलाशी असो, पात्र उभं राहतं.

शाप, वर, नवस, शब्द, ऋण. पात्र शोधताना या पाच गोष्टींतली निदान एक सापडल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अश्वत्थाम्याबाबत तर बहुतेकांचा मूळ शापच नीट वाचलेला नसतो. सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला तीन हजार वर्षं भटकायला लावतो, तेही एकट्यानं, कुणी सोबत नाही, कुणाशी बोलणं नाही. आणि आपण त्याला चार साथीदारांच्या टोळीत बसवून पहिल्याच सेशनला खानावळीत गप्पा मारायला लावतो! साथीदारांसोबत फिरणारा अश्वत्थामा म्हणजे शापाची मुदत संपलेला अश्वत्थामा. एवढं मान्य केलं की फार सुंदर प्रश्न हाती लागतो. तीन हजार वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी त्याला हाक मारली, तर तो वळून बघेल का? पहिलं सेशन एवढ्यावरच चालू शकतं.

मालिकेत पाहिलं म्हणजे ग्रंथात असेलच असं नाही

द्रौपदी दुर्योधनाला "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली, म्हणून सगळं महाभारत घडलं, असं कितीतरी जण खात्रीनं सांगतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीत हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून ती आवृत्ती तयार झाली. लक्ष्मणरेषाही वाल्मीकी रामायणात नाही.

याचा अर्थ नंतरच्या कथा खोट्या आणि टाकाऊ, असा मुळीच नाही. पैठणच्या एकनाथांनी रामकथा मराठीत आणली ती वाल्मीकींची ओळीला ओळ नक्कल करून नव्हे. कथा सांगणारा बदलला की कथा बदलते, आणि प्रत्येक सांगण्याला त्याचा मान आहे. चूक होते ती मिसळ करण्यात. द्रौपदी मालिकेतली, कर्ण कादंबरीतला, कृष्ण कीर्तनातला, आणि वर भर म्हणून इंटरनेटवरचा एखादा उतारा. अशा पात्राच्या वागण्यात मेळ राहत नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळ्या हेतूनं घडलेला असतो.

उपाय साधा आहे. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडं गोष्ट लिहा, उजवीकडं ती कुठली ते: पर्व, पुराण, स्थळपुराण, लोकगीत, आजी, मालिका. उजवी बाजू रिकामी राहिली तर ती गोष्ट तूर्त वापरू नका. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश सांगते. नावानं शोधता येतं आणि कोणती माहिती कोणत्या ग्रंथातली हे तिथल्या तिथं कळतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयात विचारून बघा. मराठी विश्वकोश तर मोबाइलवर फुकट वाचता येतो.

रेणुकेची कथा: दोन्ही वाचा, एक निवडा

परशुराम घेणाऱ्यांनी हे जरूर करावं. वनपर्वात जमदग्नी मुलांना आईचा वध करायला सांगतो. थोरले चौघे ऐकत नाहीत, परशुराम ऐकतो. बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो. परशुराम मागतो की आई जिवंत व्हावी, आणि तिला या वधाची आठवण राहू नये. भावांसाठी आणि स्वतःसाठीही तो मागतो, पण मी दर वेळी थांबते ती या दुसऱ्या मागण्यापाशी. आई उठते, घरात वावरू लागते, आणि तिला काही माहीत नाही. त्याला माहीत आहे. भावांना माहीत आहे. हातात तोच परशू आहे. खेळासाठी याहून जड गुपित मला कुठल्याच पुराणात दिसलेलं नाही, आणि तरी परशुराम घेणारे बहुतेक जण "एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय" एवढंच लिहून आणतात.

माहूरला मात्र वेगळी कथा ऐकायला मिळते. सहस्रार्जुनानं जमदग्नीला मारलं, रेणुका सती गेली, परशुराम आईसाठी आकांत करू लागला. आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून बघू नकोस, असं त्याला सांगितलेलं होतं. त्याला धीर धरवला नाही. त्यानं बघितलं तेव्हा फक्त मुख वर आलेलं होतं. माहूरगडावर आजही देवीचं मुखच पुजलं जातं. हा परशुराम अपराध लपवणारा नाही, हा उतावीळ झालेला पोरका मुलगा आहे. दोन्ही एकाच पात्रात कोंबलेत तर दोन्ही पातळ होतील. तुमच्या कॅम्पेनमध्ये गुपितं महत्त्वाची असतील तर वनपर्व घ्या, शोध आणि विरह असेल तर माहूर.

देव स्वतः व्हायला जाऊ नका

ग्रीक झ्यूस किंवा नॉर्स थोर घेऊन खेळणं आणि खंडोबा घेऊन खेळणं यात मोठा फरक आहे. खंडोबा आजही हजारो घरांचं कुलदैवत आहे. लग्न झालं की जागरण घातलं जातं, देव्हाऱ्यात त्याचा टाक असतो. तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राच्या घरीही असेल. तो देव फाशावर हरला, दरोडेखोराकडून मार खाऊन पडला, तर समोरच्याला लागणारच. आणि खेळ म्हणूनही देव अडचणीचाच. ज्याला सगळं शक्य आहे त्याला निवड करावी लागत नाही. ज्याला निवड करावी लागत नाही त्याचं पुढं काय होणार याची उत्सुकता राहत नाही.

मग देवाच्या आजूबाजूला बघा. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ. देवानं दोघांना हरवलं, पण मणी शेवटी शरण आला. त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्याजवळ जागा दे म्हणून मागणं केलं, अशी कथा आहे. आता त्या घोड्याचा विचार करा. घोडा दिला म्हणजे त्याला सांभाळणारा मोतद्दारही सोबत आला असणार, असं आपण धरू. हा आपला, कल्पनेतला माणूस, पण बसतो अगदी चपखल. काल तो मणीच्या पागेत खरारा करत होता, आज त्याच घोड्यावर मालकाला जिंकणारा बसलाय. घोडा त्याच्याशिवाय कुणाच्या हातचा तोबरा खात नाही. जिंकलेल्या बाजूचे लोक त्याच्याकडं संशयानं बघतात, हरलेल्या बाजूचे गद्दार म्हणतात. या मोतद्दाराचा धाकटा भाऊ मल्लाबरोबर शेवटपर्यंत लढला होता. पात्राला नाव द्या, गाव द्या, आणि खेळायला बसा. देवाच्या अंगाला हातही लागला नाही, आणि कथा मात्र त्याच्याच अंगणातली आहे.

हे पात्र घेणार असाल तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाऊन या. यात्रा खंडोबाचीच आणि तिथं घोड्यांचा बाजारही भरतो. गिऱ्हाईक दात बघत असताना घोडा बिथरला की सांभाळणारा त्याच्या मानेवर कसा हात ठेवतो, कोणत्या सुरात बोलतो, हे तासभर उभं राहून बघा. गेममास्टर "घोडा बुजला, काय करतोस?" म्हणेल तेव्हा हे कामाला येईल.

अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांच्या ठरलेल्या लग्नाची गोष्टही अशीच मोकळी पडून आहे. मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं, देवी कुमारिका राहिली. त्या वऱ्हाडातला एखादा माणूस वाटेत मागं राहिला असेल तर? ज्याच्यामुळं उशीर झाला तोच वाचला असेल तर?

असुर म्हणजे खलनायक, असं गृहीत धरू नका

कॅरेक्टर शीटवर अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्र चांगलं की वाईट हे नोंदवायच्या, चौकटीत "वाईट" वर खूण करून रावण, कुंभकर्ण मोकळे होत नाहीत. वाल्मीकींचा कुंभकर्ण रावणाला तोंडावर बोलतो, तुझं चुकलं म्हणतो, आणि तरीही भावासाठी लढायला जातो. चांगलं-वाईटाऐवजी हा कुणाला बांधलेला आहे ते लिहा.

वेरूळला सोळाव्या लेण्यात रावणानं कैलास हलवल्याचं शिल्प आहे. बहुतेक जण शंकर आणि रावण बघून पुढं जातात. थोडं थांबा. पार्वती शंकराला बिलगलेली आहे, आणि तिच्यामागं एक दासी जीव घेऊन पळत सुटलेली आहे. शंकर निवांत, रावण सगळे हात पसरून जोर लावतोय, आणि या दोघांच्या बळाच्या परीक्षेत पायाखालची जमीन सुटली ती त्या बाईची. मला विचाराल तर त्या अख्ख्या शिल्पात खेळायला घ्यावं असं पात्र तीच. जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

गोंधळी, वाघ्या, पोतराज म्हणजे नुसता पोशाख नव्हे

गोंधळी बार्ड म्हणून, म्हणजे गाण्या-वाजवण्यातून ताकद वापरणारं पात्र म्हणून, फार छान बसतो. संबळ, तुणतुणं, दिवटी, गळ्यात कवड्यांची माळ, आणि गावोगावच्या देवांना नाव घेऊन "गोंधळा यावं" म्हणून बोलावणं. परशुरामानं बेटासुराला मारून त्याच्या शिरापासून वाद्य केलं आणि ते आईपुढं वाजवलं, तिथून गोंधळ सुरू झाला, असं परंपरा सांगते. यातली बोलावण्याची रीत खेळात थेट वापरता येते: ज्या गावी पात्र गेलेलं आहे, त्याच गावच्या देवतेला ते हाक मारू शकतं. प्रवास केला की ताकद वाढते.

पण हे जिवंत माणसांचं जगणं आहे, कित्येक घरांची भाकरी त्यावर आहे. पोतराजाचा कोरडा घेऊन टेबलावर चाळे करणं, अंगात येण्याची नक्कल करून हशा मिळवणं, हे करू नका. मुरळीला शृंगारिक पात्र बनवणं तर नकोच. देवाला मुली सोडण्याची प्रथा कायद्यानं बंद करावी लागली, इतकं दुःख त्यामागं आहे. माहिती हवी असेल तर एखाद्या घरच्या जागरण-गोंधळाला रात्रभर बसा. रेकॉर्डिंगआधी विचारा, कलावंतांना वेगळं काही विचारायचं असेल तर वेळ मागून घ्या आणि बिदागी द्या.

खेळताना अडलं तर

पात्र एकसुरी वाटू लागलं तर बहुधा त्याचा शाप किंवा नवस खेळात येतच नसतो. गेममास्टरला सांगून पुढच्या सेशनला त्याच्यावरच घाव घालायला लावा.

शेवट सगळ्यांना ठाऊक असल्यानं मजा जात असेल तर नाव बदला आणि काळ हलवा. मूळ कथा संपल्यानंतरच्या वर्षापासून सुरुवात करा.

बाकीच्यांना कथा माहीतच नसेल तर पाच पानी बॅकस्टोरी वाचून दाखवू नका. तीन ओळी पुरतात: हा कोण, कशात अडकलाय, कशाला भितो.

आणि कुणी म्हणालं की "हे आमचं कुलदैवत आहे, मला बरं वाटत नाही", तर वाद घालू नका, ग्रंथांचे दाखले काढू नका. खेळ तिथंच थांबवा, प्रसंग मागं घ्या, नाव आणि खुणा बदला. शक्यतो ही वेळच येऊ देऊ नका. कॅम्पेनच्या आधी, कॅरेक्टर शीट भरायच्याही आधी, कोणत्या देवता खेळात नकोत हे प्रत्येकाला एकेकट्याला विचारून घ्या. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस भिडेपोटी "चालेल" म्हणतो.