हिरवळीच्या देखभालीचा वार्षिक करार
हिरवळीच्या देखभालीचे काम घेताना महिन्याला ठरावीक फेऱ्यांचा सरसकट करार करण्यापेक्षा गवताच्या वाढीनुसार फेऱ्या ठरवाव्यात. एका कापणीत पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, हा नियम पाळायचा असेल, तर ६ सेंटीमीटरवर राखायचे गवत ९ सेंटीमीटरच्या वर जाण्याआधीच कापावे लागते. भर वाढीच्या दिवसांत ही वेळ आठवड्याभरात येऊ शकते, तर कडक थंडीत किंवा पाण्याचा ताण असताना कित्येक आठवडे यंत्र फिरवण्याची गरजही पडत नाही. म्हणून वर्षभराच्या फेऱ्यांचा अंदाज बांधून एकूण रक्कम १२ समान हप्त्यांत घ्यावी आणि मंद महिन्यांत करायची कामे, म्हणजे पालापाचोळा गोळा करणे, झुडपांची छाटणी, वाफ्यांवर आच्छादन घालणे, करारातच नमूद करावीत. अन्यथा त्या हप्त्यांवरून कुरबुर होणारच. दर सांगताना निव्वळ क्षेत्रफळावर विसंबू नये, कारण उतार, झाडांभोवतीची आळी आणि मोठे यंत्र आत जाऊ न देणारे अरुंद फाटक यांत वेळ जातो. प्रवासाचा वेळ तर कोणीच भरून देत नाही, त्यामुळे नवे ग्राहक शक्यतो जुन्या ग्राहकांच्या शेजारीच शोधावेत.