सापाची कात अडकली? सोलायला जाण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघरला घराबाहेर पाऊल टाकलं की शर्ट अंगाला चिकटतो. नेमक्या त्याच दिवसांत बॉल पायथन, म्हणजे घरी पाळला जाणारा छोटा परदेशी अजगर, पाळणारे विचारतात, "हवा एवढी दमट, मग आमच्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी का निघतेय?" बऱ्याच घरांत याचं उत्तर भिंतीवर असतं. एसी रात्रभर खोलीतल्या हवेतलं पाणी खेचून पाइपातून बाहेर टपकवत राहतो. त्यात सापाच्या टँकखालची हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, आतली हवा तापवते, म्हणजे तिचा कोरडेपणा आणखी वाढतो. बाहेरच्या दमटपणाचा टँकमधल्या सापाला काहीच उपयोग होत नाही.

कात अडकली की माणसं सापाकडे धावतात, टँककडे बघत नाहीत. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

अंदाजावर विसंबणं

बॉल पायथनला एरवी ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत ७० टक्क्यांच्या आसपास. कॉर्न स्नेक हा दुसरा पाळीव साप ४० ते ६० टक्क्यांत खूश असतो. हे मोजायला डिजिटल हायग्रोमीटर घ्या. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर बरेचदा फार चुकीचा आकडा दाखवतात. तुमचा मीटर खरा की खोटा, हे घरच्या मिठावर तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि पाण्याचे थोडे थेंब टाकून ओल्या वाळूइतपत भिजवा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५च्या जवळ हवा. ६५ दिसला तर तुमचा मीटर १० टक्के कमी दाखवतोय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

डोळे स्वच्छ झाले म्हणून घाई करणं

कात येणार असली की सापाचा रंग मळकट होतो आणि डोळे निळसर-दुधी दिसतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, त्याचा हा परिणाम. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांनी कात निघते. हा मधला काळ अनेकांना माहीत नसतो. डोळे निवळले, कात मात्र दिसत नाही, म्हणजे अडकली असं समजून ते नखानं उकरायला लागतात. त्या वेळी खालची कातडी कोवळी असते. ओढलेल्या कातीबरोबर नवे खवलेही निघतात आणि जखम चिघळते. थांबा. या दिवसांत हाताळणं बंद ठेवा आणि खायलाही देऊ नका. त्याला नीट दिसत नसतं, तो चिडचिडा असतो, आणि बहुतेक साप तसेही तेव्हा खात नाहीत.

तेल लावणं

खोबरेल तेल, ग्लिसरीन, व्हॅसलिन, काहीही नको. घरातली मोठी माणसं मायेनं सुचवतात, पण कातीला पाणी हवं असतं, तेल नव्हे. तेलकट अंगाला बेडिंगचा, म्हणजे टँकच्या तळाशी पसरलेला, भुसा चिकटतो आणि खवल्यांच्या फटींत घाण साठते.

सगळा टँक भिजवून टाकणं

ही चूक आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जास्त होते. कुठेतरी वाचलेलं असतं की दिवसातून तीनदा फवारा मारा. पावसाळ्यात एसी बंद, हवा आधीच ओली, त्यात फवारे. बेडिंग आठवडाभर ओलं राहतं, वास मारतं आणि पोटाकडचे खवले तपकिरी पडून सडायला लागतात. कात सुधारण्याच्या नादात हे दुखणं ओढवून घेऊ नका.

त्याऐवजी दमट हाइड, म्हणजे सापाला लपायला ओलसर जागा, करा. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, साप सहज आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) नाहीतर नर्सरीत मिळणारं साधं, खत न मिसळलेलं कोकोपीट ओलं करून भरा. मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. डोळे दुधी दिसले की हा डबा टँकच्या उबदार बाजूला ठेवा. बाकी बेडिंग कोरडंच राहू द्या. ओल कधी घ्यायची आणि कधी नाही, हे साप स्वतः ठरवतो. रोजच्या फवाऱ्यापेक्षा हा एक डबा मला कितीतरी भरवशाचा वाटतो. अंग घासायला एखादं खडबडीत लाकूड किंवा दगडही आत असू द्या.

गरम पाणी

तुकडे राहिलेच तर भिजवणं ठीक आहे, पण पाणी कोमट हवं, २८ ते ३० अंश. आपल्या आंघोळीचं पाणी त्याला भाजेल. पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढंच घ्या, २०-३० मिनिटं ठेवा आणि तिथून हलू नका. मग ओल्या टॉवेलच्या सैल घडीतून त्याला स्वतःहून सरकू द्या. कात टॉवेलला अडकून निघते. निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

निघालेली कात न बघता फेकणं

चांगली कात मोजा उलटा काढावा तशी सलग निघते. ती पसरून दोन जागा बघा. डोक्याकडे दोन्ही डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्या आहेत का? सापाला पापण्या नसतात, त्यांच्या जागी हे आवरण असतं आणि तेही कातीबरोबर निघावं लागतं. दुसरी जागा शेपटीचं टोक. तिथे जुन्या कातीचं कडं राहिलं तर ते सुकून आवळतं, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळं पडून गळतं.

डोळ्याची टोपी राहिली असेल तर चिमटा, नख, चिकटपट्टी यांपैकी काहीही वापरू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. आर्द्रता वाढवून पुढच्या कातीपर्यंत थांबलं तर बहुतेकदा ती आपोआप निघते. दोन कातींनंतरही राहिली, किंवा डोळा सुजला, तर मात्र पशुवैद्यच हवा.

हवा नीट असूनही दर वेळी कात अडकत असेल तर पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके दिसतात का बघा. ते माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक रक्तपिपासू कीटक, असू शकतात. डोळ्यांभोवती आणि हनुवटीखालीही शोधा. साप तासन्‌तास पाण्यात बसून राहत असेल तर संशय आणखी पक्का. जुनी जखम, अपुरं खाणं, अंतर्गत आजार यांनीही कात बिघडते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा सोसायटीच्या आवारात सापडलेल्या धामणीला, दिवडाला कात अडकली म्हणून घरी ठेवू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नाहीत म्हणून डॉक्टरकडे जायला घाबरणारे लोक आहेत, आणि त्यात हाल सापाचे होतात.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात साप तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. नेताना सापाला सुती उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि अभ्रा हवेशीर डब्यात ठेवा. गाडीतल्या एसीचा झोत डब्यावर येऊ देऊ नका. निघालेल्या कातीचे तुकडे पिशवीत घ्या, आणि मागच्या काही दिवसांचे तापमान-आर्द्रतेचे आकडे लिहून न्या. डॉक्टर ते आधी विचारतील.