ग्रुप प्रोजेक्टचं अ‍ॅप बनवताय? मग या चुका टाळा

फायनल इयरच्या ग्रुपमध्ये कोडिंग येणारं एखादं पोट्टं असतंच, नसलं तर युट्यूब आहे, आता तर एआय पण आहे, त्यामुळे "आम्हाला येतच नव्हतं म्हणून अ‍ॅप झालं नाही" हे मी ऐकूनच घेत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की ज्युनिअर लोकं लॅपटॉप घेऊन नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर मला गाठतात आणि दरवर्षी तीच रड. अ‍ॅप एका लॅपटॉपवर, केबलने जोडलेल्या एका फोनवर झकास चालून राहिलं असतं, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं की खतम. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. तेच तेच बोलून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून काढतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर झिप पाठवून कोड "जोडणे"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा लांबण लागेल.

हिंगणा रोडकडच्या एका ग्रुपची गोष्ट. चौघं होते. पहिल्या मीटिंगमध्ये काम वाटून घेतलं, तू लॉगिन, तू होम स्क्रीन, मी डेटाबेस, आणि ती रिपोर्ट लिहीन (रिपोर्ट नेहमी पोरीच्याच गळ्यात काऊन पडतो ते एक कोडंच आहे). इथपर्यंत ठीक. मग ज्याच्याकडे कोड होता त्या प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर फ्लटरचा (मोबाइलसाठी कोड लिहायच्या टूलचा) वेगळा नवा प्रोजेक्ट उघडला आणि कामाला लागले. कोणी कोणाचा कोड बघितला नाही. रिव्ह्यूच्या दोन दिवस आधी ग्रुपवर झिप पडायला लागल्या, फायनल, फायनल २, फायनल खरंच. एकाकडे फ्लटरचं जुनं व्हर्जन, दुसऱ्याकडे नवं, पॅकेजेस एकमेकांशी भांडून राहिले. स्क्रीनवरचा डेटा सांभाळायला एकाने प्रोव्हायडर हे पॅकेज वापरलेलं, दुसऱ्याने गेटएक्स, कारण त्याच्या एआयने ते दिलं. हे सगळं कसंबसं मिटवलं आणि अ‍ॅप उघडलं, तर रजिस्टर केलेला विद्यार्थी यादीत दिसेच ना.

अख्खी रात्र त्यांनी नेटला शिव्या घालण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा मी कोडला हातसुद्धा लावला नाही, फक्त फायरबेसच्या (डेटा जिथे साठत होता त्या गूगलच्या सेवेच्या) कन्सोलमध्ये एक डॉक्युमेंट, म्हणजे एक नोंद, उघडायला लावलं. एकाने फील्डचं नाव ठेवलं होतं स्टुडंटआयडी, जोडून. दुसरा वाचत होता स्टुडंट_आयडी, मधे अंडरस्कोअर. तिसऱ्याने रोलनंबर. फायरस्टोअरला, म्हणजे फायरबेसच्या डेटाबेसला, याचं काहीच वाटत नाही. तुम्ही द्याल ते नाव तो गुपचूप ठेवून घेतो, एरर देत नाही, आणि वाचताना ते फील्ड नसलं तर हातात नल, म्हणजे रिकामं, ठेवतो. चारातल्या एकानेही ही नावं आधी कागदावर लिहिली नव्हती.

माझी सवय सांगतो, पुस्तकात असं नसेल. पहिल्या दिवशी एकच रिपो (गिटहबवरचं कोडचं सामायिक फोल्डर) आणि त्यात एक रिकामं अ‍ॅप, ज्याच्या स्क्रीनवर फक्त प्रोजेक्टचं नाव आहे. ते सगळ्यांच्या लॅपटॉपवर बिल्ड होऊन सगळ्यांच्या फोनवर उघडेपर्यंत कोणी एकही फीचर लिहायचं नाही. यात दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. मग कलेक्शन (नोंदींचे गट) आणि फील्डची नावं एका कागदावर, त्या कागदाचा फोटो ग्रुपवर पिन. आणि रोज रात्री पुश, म्हणजे आपला कोड रिपोत चढवणं. ब्रांच (कोडची वेगळी शाखा), पुल रिक्वेस्ट (ती तपासून जोडायची विनंती) हे जमलं तर उत्तमच, नाही जमलं तर सगळे मेनवरच, म्हणजे मुख्य शाखेवरच, काम करा, मला चालेल, पण रोज करा. जाणकार लोकं यावर नाक मुरडतील, मुरडू द्या. आठवडाभर न जोडलेला कोड जोडण्यापेक्षा दिवसाला दोन छोटे कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीवर दोघांचे वेगळे बदल) सोडवणं केव्हाही बरं.

पुश करताना बिल्ड फोल्डर रिपोत टाकू नका, गिटइग्नोअर त्यासाठीच असतं. आणि 100 एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, त्यामुळे डेटासेट तिथे ठेवायचा हट्ट सोडा.

रिलीज एपीके शेवटच्या दिवशी काढणे

ही दुसरी. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर टाकायची फाइल. केबल लावून करताना चालतो तो डीबग बिल्ड, लोकांना द्यायचा तो रिलीज बिल्ड. दुसऱ्याच एका ग्रुपचा एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोरचा व्हायवा, होता. अ‍ॅप छान होतं, खरंच छान, स्वतःचा सर्व्हर लिहिला होता, फ्लटरमधून एचटीटीपी पॅकेजने डेटा येत होता, चार महिने केबल लावून सगळं चाललं होतं. परीक्षक सर भले माणूस, म्हणाले, "माझ्या फोनवर टाकून द्या, घरी जाऊन बघतो." पोट्ट्यांनी तिथेच आयुष्यातला पहिला रिलीज बिल्ड काढला आणि सरांच्या फोनवर टाकला. पांढरी स्क्रीन, मधे गोल गोल फिरणारं चाक, बाकी काही नाही. वायफाय बदललं, हॉटस्पॉट दिला, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. एकाने तर सरांना फोन रीस्टार्ट करायला सांगितलं. सर पुढच्या ग्रुपकडे गेले.

कारण एका ओळीचं होतं. फ्लटर नवा प्रोजेक्ट बनवताना इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या लिहायच्या फाइलमध्ये) स्वतःच टाकतं, कारण हॉट रीलोडसाठी (कोड बदलला की फोनवर लगेच दिसावा म्हणून) त्यालाच ती लागते. मेन मॅनिफेस्टमध्ये टाकत नाही. म्हणजे डीबगमध्ये तुमचं नेट चालतं ते फ्लटरच्या कृपेने, आणि रिलीजमध्ये ती कृपा संपते. फायरबेसच्या काही लायब्रऱ्या ही परवानगी सोबत घेऊनच येतात म्हणून फायरबेसवाल्यांना हा फटका बहुतेक बसत नाही आणि मग ते छातीठोकपणे सांगतात की असं काही नसतंच.

याचंच भावंड म्हणजे गूगल साइन-इन. एका लॅपटॉपवरून बिल्ड केलं की लॉगिन होतं, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून केलं की एरर 10. कोड तोच, फोन तोच. प्रत्येक लॅपटॉपवर अँड्रॉइडची डीबग की (बिल्डवर डिजिटल सही करायची किल्ली) वेगळी तयार होते आणि तिचा एसएचए-1 फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, फायरबेसमध्ये नोंदवलेला लागतो. ग्रेडलचा (बिल्ड करणाऱ्या टूलचा) साइनिंग रिपोर्ट चालवला की तो दिसतो. सगळ्या लॅपटॉपचे टाका. रिलीजची कीस्टोअर (की ठेवायची फाइल) बनवली तर तिचाही टाका, आणि ती फाइल आणि पासवर्ड दोन जणांकडे ठेवा, फक्त ग्रुप लीडरकडे नाही, कारण लीडरचाच लॅपटॉप सबमिशनच्या आठवड्यात फॉरमॅट होतो हा माझा अनुभव आहे.

मी काय करायला लावतो? दर शनिवारी रिलीज एपीके काढायचं आणि अशा माणसाच्या फोनवर टाकायचं ज्याचा प्रोजेक्टशी काडीचा संबंध नाही. रूममेट, मावशी, झेरॉक्सवाला, कोणीही. केबल नको, हॉटस्पॉट पण तुमचा नको. आणि तो वापरत असताना तुम्ही तोंड बंद ठेवायचं, "इथे दाबा ना काका" म्हटलं की टेस्ट बाद.

मेसवाल्या काकूंना न विचारता मेसचं अ‍ॅप

नंदनवनातल्या एका मेससाठी अ‍ॅप करून राहिले होते एक तिघं. फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये स्प्लॅश स्क्रीन, तीन सरकत्या स्लाइड, वॉलेट, रेटिंग, चॅट, डार्क मोड. लोगोवर पंधरवडा गेला असेल. मी म्हटलं, काकूंना विचारलं का? नव्हतं विचारलं. गेलो. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बाबू, मले फक्त इतकं सांग, उद्या किती पोट्टे जेवणार. कणीक तेवढीच भिजवतो." झालं, हे त्यांचं अख्खं अ‍ॅप. एक आकडा.

तरी पोरं शहाणी, बाकी सगळं काढलं आणि विद्यार्थ्यांसाठी एकच बटण ठेवलं, "उद्या जेवणार नाही". एका पोराच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली होती. त्याला बटणावर दिसायचं "उद्या जेवणार…" आणि पुढचं कापलेलं. त्याने मोठ्या विश्वासाने दाबलं. दुसऱ्या दिवशी यादीतून नाव गायब आणि ताटात पोळी नाही. काकूंनी त्याला भात वाढला आणि या तिघांना जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही.

तर डिझाइन करताना खोटा इंग्रजी मजकूर भरू नका, पहिल्याच दिवशी खरी मराठी वाक्यं टाका. इंग्रजीत "स्किप" चार अक्षरांत बसतं, मराठीत ते तीन शब्द होतात. डब्याची उंची आकड्यात बांधून ठेवली की वरची वेलांटी-रफार आणि खालचा उकार छाटला जातो, ती उंची मजकुरावर सोडा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फाँट सगळ्यात मोठा करा आणि सगळ्या स्क्रीन एकदा फिरून या. बटणं अंगठ्याला पुरतील अशी ठेवा, अँड्रॉइडच्या गाइडलाइनमध्ये 48 डीपी (स्क्रीनवरचं माप) सांगितलंय. आणि ती फिकट राखाडी अक्षरं, जी एसी लॅबमध्ये फार देखणी दिसतात, ती एप्रिलच्या दुपारी बर्डीच्या बाजारात उन्हात उभं राहून वाचून दाखवा मला. पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान 4.5 ला 1 पाहिजे, मोजायची फुकट टूल्स भरपूर आहेत.

आता बाकीच्या, भराभर

"लोकलहोस्ट चालत नाही दादा." लोकलहोस्ट हा पत्ता म्हणजे "हेच मशीन". फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच, तुमचा लॅपटॉप नाही. एम्युलेटरमधून (लॅपटॉपवरच्या नकली फोनमधून) 10.0.2.2 वापरा, खऱ्या फोनवरून लॅपटॉपचा आयपी, दोघं एकाच नेटवर्कवर. कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा दोन डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत, मग मुकाट हॉटस्पॉट.

जावा किंवा कोटलिनमध्ये करत असाल आणि सर्व्हर साधा एचटीटीपी असेल तर अँड्रॉइड 9 पासून तो डिफॉल्टने अडवला जातो. लॉगमध्ये "क्लिअरटेक्स्ट" शब्द दिसला की हेच.

फायरबेस टेस्ट मोडमध्ये सुरू करून विसरून जाणे. 30 दिवसांनी त्या मोडचे रूल्स (डेटा कोणी वाचायचा-लिहायचा ते नियम) संपतात आणि चालतं अ‍ॅप एका सकाळी बंद पडतं. तोपर्यंत ते जगाला उघडं असतं ते वेगळंच. मग कोणीतरी रूल्समध्ये सरळ "ट्रू" लिहून मोकळा होतो, हा शॉर्टकट बघितला की माझं डोकं सटकतं. लॉगिन केलेल्यालाच वाचता-लिहिता येईल एवढी एक अट तरी टाका रे.

फायरस्टोअरमध्ये फुकटात दिवसाला 50,000 रीड (नोंदी वाचणं) मिळतात. पुरतात. पण स्क्रीन दर वेळी नव्याने बिल्ड होताना अख्खं कलेक्शन मागवलं तर तुम्ही तिघं मिळून दुपारच्या आत संपवता.

पब्लिक रिपोमध्ये सर्व्हरच्या किंवा पेड एपीआयच्या (पैसे भरून वापरायच्या ऑनलाइन सेवेच्या) गुप्त की पुश करणे. पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी हिस्टरीत राहते. की रद्द करून नवीन काढा, दुसरा उपाय नाही.

8 जीबी रॅममध्ये अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर आणि क्रोमचे वीस टॅब. खऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन केबलने जोडा आणि एम्युलेटरला रामराम ठोका.

एआयकडून कोड घेता, घ्या. पण व्हायव्हात "ही ओळ काय करते" विचारलं की चौघं एकमेकांकडे बघतात, आणि परीक्षकाला तेवढं पुरतं.

प्ले स्टोअरचं स्वप्न

मार्चमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं, शुक्रवारपर्यंत प्ले स्टोअरवर टाकू, रिझ्युमेत लिहिता येईल. डेव्हलपर अकाउंटचे 25 डॉलर एकदाच लागतात, ते वर्गणी काढून भरता येतात, अडचण ती नाही. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक अकाउंटला आधी क्लोज्ड टेस्टिंग (ठरावीक लोकांनाच देऊन चाचणी) करावं लागतं, निदान 12 टेस्टर, सलग 14 दिवस, आणि त्यानंतर गूगलकडे प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांना खुलं करायला, अर्ज. हे शुक्रवारपर्यंत होत नाही. खरंच टाकायचं असेल तर जानेवारीतच अकाउंट काढा आणि वर्गातलेच बारा जण धरा, अर्धवट अ‍ॅप असलं तरी टेस्टिंगला चालतं. आयफोनचा विचार करत असाल तर अ‍ॅपलचे वर्षाला 99 डॉलर आहेत, शिवाय बिल्डला मॅक लागतो, सोडून द्या.

नाहीतर सरळ एपीके ड्राइव्हवर ठेवा आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर क्यूआर कोड छापा. फक्त छापायच्या आधी दुसऱ्याच्या अकाउंटवरून तो एकदा स्कॅन करून बघा, लिंक सगळ्यांसाठी उघडी आहे का ते. परीक्षक "रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस" दाबून तुमच्या उत्तराची वाट बघत बसत नाहीत.