ओव्हर घेताना आधी विचारा, "काय राहिलंय?"

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी स्टाफ नर्स म्हणून लागले ती ऐन लावणीच्या दिवसांत. सकाळपाळी ८ ते २, दुपारपाळी २ ते ८, रात्रपाळी ८ ते ८. दोन पाळ्यांच्या सांध्यात, म्हणजे ओव्हर देता-घेताना (जाणारी सिस्टर येणारीकडे वॉर्ड सोपवते तेव्हा), कामं कशी निसटतात, ते मला वॉर्डातच कळलं. यंदा नव्याने लागलेल्या मुलींसाठी हे लिहिते आहे.

पहिल्याच महिन्यातली रात्रपाळी होती. दुपारच्या सिस्टरना शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून ओव्हर टेबलाशीच झाली. मी विचारलं, "सगळं झालंय ना?" त्या म्हणाल्या, "झालंय." साडेदहाला फुरसं चावलेल्या एका शेतकऱ्याच्या खाटेशी गेले, तर त्याची बायको म्हणाली, "शिस्टर, आठ वाजता रगात घ्यायला कोन आलाच नाय." केसपेपर उघडला. दर सहा तासांनी करायची रक्त गोठण्याची चाचणी आठ वाजता होती आणि तो रकाना कोरा होता.

चाचणी अगदी साधी. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून बघायची. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. फुरशाच्या विषाने रक्तातले गोठवणारे घटक संपतात, म्हणून रक्त पातळच राहिलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. माझ्या नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टर धावत आले, सर्पविषावरच्या लसीचा आणखी डोस द्यावा लागला. तो माणूस बरा होऊन घरी गेला, पण ती रात्र मी अजून विसरलेले नाही.

चूक मी केली ती दुसऱ्या दिवशी. त्या सिस्टरना सगळ्या स्टाफसमोर, वॉर्डातल्या मावशी-मामांसमोर फाडफाड बोलले. आदल्या संध्याकाळी सात वाजता हायवेवरच्या अपघातातले तिघं एकदम आले होते, हे मला नंतर कळलं. पुढचा महिनाभर त्यांनी मला एकही राहिलेलं काम सांगितलं नाही. इतर दोघी-तिघीही "झालंय" एवढंच म्हणून निघायच्या. बोलणी बसतील या भीतीने कामं झाकली जायला लागली, आणि ती शोधण्यात माझी अर्धी रात्र जायची.

म्हणून आता मी ओव्हर खाटेशीच घेते. दोघी मिळून प्रत्येक खाटेपाशी जायचं, सलाइन कितवं आहे ते बाटलीवर बघायचं, सुईची जागा सुजली नाही ना तेही बघायचं. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, किडनीवर परिणाम करणारा ताप) पेशंट असला तर युरिन बॅग आणि चार्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. ५० किलोच्या माणसाला तासाला निदान २५ मिली लघवी व्हायला हवी. बॅग न मोजताच रिकामी केलेली असली तर किडनीचा अंदाजच हातचा जातो. विंचूदंशाचं तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिन देतात, पण पुढचा डोस नेमका पाळी बदलताना आला की चुकतो. वेळेशी बांधलेली कामं आधी, मग ऑक्सिजन सिलिंडर आणि इमर्जन्सी ट्रे. चादरी, इंडेंट (सामानाची मागणी), रजिस्टर थांबू शकतात.

राहिलेलं काम तुम्ही केलंत तर खरी वेळ लिहा. आठचं इंजेक्शन साडेदहाला दिलं असेल तर साडेदहाच लिहायचं, नाहीतर पुढचा डोस चुकीच्या वेळी जाईल. दुसरीने न केलेल्या कामावर तिच्यासाठी सही करायची नाही, कितीही मैत्री असली तरी. आणि "दिलं की नाही" अशी शंका असेल तर अंदाजाने देऊ नका. तिला फोन करा. ती एसटीत असली तरी उचलेल.

रोजच काम टाकून जाणारीही एखादी असते, नाही असं नाही. तिच्याशी आधी एकटीत बोला. तरी फरक पडला नाही, तर दोन आठवडे तारीख, खाट नंबर आणि काय राहिलं एवढंच वहीत टिपा आणि ती वही घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे जा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नको.

त्या दुपारच्या सिस्टरची मी माफी मागितली, पण आमचं जमायला गणपती उजाडले. एका संध्याकाळी पर्स खांद्याला लावून त्या दारातून परत वळल्या आणि म्हणाल्या, "चार नंबरचं रक्त आत्ता घेतलंय, ८ वाजून १० मिनिटांनी नळी बघ. सात नंबरचं अँटिबायोटिक राहिलंय, मला नाही जमलं." मी घड्याळ बघितलं आणि सात नंबरकडे निघाले.