वाइनमध्ये प्रोग्रॅम गोठतोय? सेटिंगला हात लावण्याआधीची तयारी

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमध्ये प्रोग्रॅम गोठला रे गोठला की बहुतेकजण विनट्रिक्स (वाइनमध्ये जादा घटक टाकणारं साधन) उघडून दिसेल ते डीएलएल, म्हणजे विंडोजच्या लायब्ररी फाइल्स, टाकत सुटतात. तो मोह आवरा. आधी वाइन, कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या लिहून घ्या. होममधला 'डॉट वाइन' फोल्डर सगळ्या प्रोग्रॅमांचा उकिरडा झालेला असतो, म्हणून या प्रोग्रॅमसाठी नवा प्रीफिक्स (वाइनचा स्वतंत्र फोल्डर, त्यातच नकली सी ड्राइव्ह आणि सेटिंग असतात) करा आणि इन्स्टॉल होताच त्याची कॉपी बाजूला ठेवा. दर चाचणीआधी मागे रेंगाळलेला वाइनसर्व्हर (वाइनची पार्श्वभूमीत चालणारी प्रोसेस) बंद करायचा, नाहीतर जुनंच भूत नव्या सेटिंगच्या नावावर खपतं.

प्रोग्रॅम आयकनवरून नको, टर्मिनलमधून सुरू करा आणि येणारे मेसेज फाइलमध्ये साठवा. 'फिक्समी'च्या, म्हणजे वाइनमध्ये अजून अपुऱ्या असलेल्या गोष्टींच्या, ओळी पाहून दचकू नका. उत्तम चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही त्यांचा पाऊस पडतो.

शेजारी एचटॉप (सीपीयूचा कोणता कोअर किती राबतोय ते दाखवणारं साधन) उघडं हवंच, कारण खरा उलगडा तिथे होतो. गोठल्यावर एकच कोअर १०० टक्क्यांना चिकटला असेल तर एखादा थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा) लूपमध्ये फिरत असण्याची शक्यता जास्त. सगळे कोअर राबतायत आणि थोड्या वेळाने गेम पुढे सरकतोय? मग बहुधा शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होतायत, वाट बघा. सीपीयू जवळपास शून्यावर असेल तर थ्रेड एकमेकांची वाट बघत बसलेत असं समजा. अशा वेळी प्रोटॉनमध्ये (स्टीमचं गेमसाठीचं वाइन) ईसिंक, एफसिंक या थ्रेडचा ताळमेळ वेगाने राखणाऱ्या सोयी एकेक करून बंद करून पाहा. ईसिंक भरपूर फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल्सचे क्रमांक) खातं. त्यांची संख्या ठरवणाऱ्या यूलिमिटची कमाल मर्यादा ५,२४,२८८ असली की निर्धास्त. कर्नल ६.१४ पासून याच कामासाठी कर्नलमधलं एनटीसिंकही आलंय, पण ते वापरणारं वाइन हवं.

गेमसाठी वापरलं जाणारं डीएक्सव्हीके विंडोजच्या डायरेक्ट३डी ग्राफिक्स कॉल्सचं लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन ग्राफिक्समध्ये रूपांतर करतं, तेव्हा व्हल्कनचा साधा फिरता क्यूब आधी चालतोय ना, बघा. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर ड्रायव्हरच्या ३२ बिट लायब्रऱ्याही बहुधा लागतात. नव्या इन्स्टॉलवर हेच हमखास राहून जातं. फक्त फुलस्क्रीनला गोठत असेल तर वाइनकॉन्फिगमधला व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरून पाहा. माउससकट अख्खं मशीन थिजलं, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर जा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी dmesg कमांड) जीपीयू रीसेट किंवा मेमरी संपल्याची नोंद शोधा.

एका वेळी एकच बदल करा. आणि प्रोग्रॅमला विंडोजचा स्वतःचा कर्नल ड्रायव्हर लागत असेल, काही अँटीचीट (गेममधली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) किंवा डोंगलचं (परवान्यासाठी यूएसबीत लावायची चावी) असतं तसं, तर वाइनशी झटापट नको, थेट व्हर्च्युअल मशीन किंवा ड्युअल बूटचा विचार करा. त्यातही अँटीचीट व्हर्च्युअल मशीन चालू देईलच असं नाही.